वारकऱ्यांच्या गर्दीतला वेगळा पक्षी: भिगवण आणि माळरानाची हिवाळी फेरी

जानेवारीत भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यावर, वारकरी पक्ष्यांचे थवेच्या थवे तरंगत असतात. अंग काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. नवखा माणूस दुर्बिणीतून दोन मिनिटं बघतो, ‘सगळे वारकरीच आहेत’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याच थव्याच्या काठाला एक पक्षी जरा वेगळा बसलेला असतो. पाठ काळी, बाजू पांढऱ्या, डोक्यामागे लोंबणारी शेंडी. तो शेंडी बदक असतो. सगळे वारकरी नीट बघणाऱ्यालाच तो सापडतो.

वेगळा पक्षी ओळखायची खरी तयारी नेहमीचे पक्षी पाठ करण्यात असते. हळदी-कुंकू बदक, वारकरी, शेकाट्या, टिटवी, घार, चंडोल आणि धोबी हे पक्षी लांबून, पाठमोरे, उन्हाच्या विरुद्ध बाजूने आणि उडतानाही ओळखू येऊ लागले की न जुळणारा पक्षी आपोआप डोळ्यांत खुपतो. त्यामुळे पहिले तीन-चार रविवार घराजवळचा तलाव किंवा नदीचा पूल यांवर खर्च करा, भिगवणला त्यानंतर निघा. हा सल्ला कंटाळवाणा वाटेल, पण याला आडवाट नाही.

‘दुर्मिळ’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही पक्षी जगातच थोडे उरलेत. काही एरवी विपुल आहेत, पण आपल्या भागात क्वचित उतरतात. आणि काही भरपूर असूनही दिसत नाहीत, कारण ते लपून राहतात. शंकर, म्हणजे ब्लूथ्रोट, हा तिसऱ्या प्रकारातला. पाणकणीस या उंच पाणगवताच्या बेटात तो सबंध हिवाळा असतो, पण पहाटेच्या पहिल्या तासात चिखलावर धावत येतो तेवढाच दिसतो. आपली फेरी मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारातल्या पक्ष्यांमागे नवख्यांनी धावूच नये. त्यांना आधीच पुरेसा त्रास आहे.

केव्हा जायचं: आधी धरणाचा आकडा बघा

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्यावर सुमारे १०० किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यात आहे. पक्षी असतात ते भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर. कुंभारगाव आणि डिकसळ ही त्यातली दोन नेहमीची ठिकाणं. हे सगळं पाणी माणसाच्या हातातलं असल्यामुळे इथे तारखेपेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची ठरते, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेला. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ अशी भाषा कानावर येते. पावसाळा चांगला झाला की ऑक्टोबरात धरण तुडुंब असतं, पाणी थेट उसाच्या बांधाला टेकलेलं असतं. अशा वेळी उथळ चिखल उघडा पडत नाही. चिखल नाही म्हणजे रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) चाळायला गाळ नाही आणि चिखल्या-तुतारी या काठावरच्या छोट्या पक्ष्यांना किडे टिपायला जागा नाही. ‘डिसेंबरात गेलो, एकही फ्लेमिंगो नव्हता’ ही तक्रार बहुधा भरल्या धरणाच्या वर्षातली असते. सिंचनासाठी पाणी सुटू लागलं की काठ मागे हटतो, चिखलाचे पट्टे आणि बेटं वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत चित्र बदलतं.

म्हणून निघण्याआधी सोलापूरच्या वृत्तपत्रांत येणारी उजनीची टक्केवारी बघा आणि नावाड्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘चिखल उघडा पडलाय का?’ ‘पक्षी आहेत का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘आहेत, या’ असंच येणार. पाणी भरलेलं असेल तर बदकं, ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी आणि पाणकणसातले छोटे पक्षी यांच्यावर भर द्या, किंवा फेरी पुढे ढकलून तो दिवस माळाला द्या.

महिन्यांचा ढोबळ हिशेब असा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहुणे उतरत असतात, पण ओळख सर्वांत अवघड असते. त्या काळात नर बदकांची पिसं मादीसारखी तपकिरी असतात, आणि तलवार बदकाला तलवारच नसते. नवख्याने हे दोन महिने माळावर घालवावेत. डिसेंबरपासून नर रंगात येतात. पट्टकदंब हंस आणि मोठी लालसरी, थापट्या, चक्रवाक या बदकांसाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे परतीच्या वाटेवर असतात आणि चिखलावरचे काही पक्षी विणीच्या रंगात येऊ लागतात, त्यामुळे ओळखायला सोपे जातात.

एकट्याने सुरुवात करायची नसेल तर कॅलेंडरमध्ये तीन खुणा करून ठेवा: ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह (५ ला अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांची जयंती, १२ ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची), जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना. या दिवसांत अनुभवी मंडळी नवख्यांना सोबत घ्यायला तयार असतात.

दुर्बीण: घेण्यापेक्षा लावण्यात चूक जास्त

८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं तर डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. हिवाळी पहाटेच्या अंधुक उजेडात ती कामाला येते. १० पटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हलत्या होडीत हाताची थरथरही दहापट होते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडतच नाही. ‘३० पट’, ‘५० पट’ असे आकडे छापलेल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका.

आता लावणं. निम्म्या लोकांची दुर्बीण वर्षानुवर्षं चुकीची लावलेली असते आणि ते दोष पक्ष्याला देतात.

१. चष्मा असेल तर तो घालूनच बघा आणि डोळ्यांजवळचे रबरी कप पूर्ण आत दाबा. चष्मा नसेल तर ते बाहेर काढा. असं केलं नाही तर कडेला काळ्या सावल्या येतात.

२. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. दोन गोल दिसत असतील तर अंतर चुकलंय.

३. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका. दोन्ही डोळे उघडेच ठेवा. ३०-४० मीटरवरची एखादी पाटी डाव्या डोळ्याने, मधलं चाक फिरवून स्पष्ट करा.

४. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कड्यावरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणी दुर्बीण हाताळली की ते सरकतं.

५. यापुढे फक्त मधलं चाक.

पक्षी दुर्बिणीत सापडत नाही, याचं कारण मान. पक्ष्यावरची नजर न काढता, मान न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग तिच्यातून शोधाशोध केली की फक्त आभाळ दिसतं. घरी गच्चीतून समोरच्या टाकीवरच्या कावळ्यावर हे २०-२५ वेळा करा.

गटात एकाकडे स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त पटीची दुर्बीण) आणि जड तिवई असेल तर फार उत्तम, पण तो होडीत काढायचा नाही, काठावरच लावायचा. आधी २० पटीवर पक्षी पकडा, मग वाढवा. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची आणि माळावरची हवा तापून लहरू लागते. तेव्हा ६० पटीवर पक्षी उकळताना दिसतो. त्या वेळी पट कमी करा किंवा स्कोप गुंडाळून ठेवा.

बाकी सामान थोडकं. मातकट रंगाचे कपडे, एकावर एक दोन-तीन थर (पहाटे आठ-दहा अंश, दुपारी तीसच्या आसपास), खसखस न करणारं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. माळावर कुसळी गवत असतं. त्याची कुसळं मोज्यांत शिरतात आणि पुढचे दोन तास माणूस पक्ष्यांऐवजी मोजे बघत बसतो. पँटवरून गुडघ्यापर्यंत बांधायचे जाड कापडी पट्टे हा त्यावरचा स्वस्त उपाय. वही आणि पेन्सिल घ्या. दवाने ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.

पहाट: होडी आणि थवा

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो. पुण्याहून निघायचं तर साडेचारला गाडी सुटली पाहिजे. रेल्वेने यायचं असेल किंवा एवढ्या पहाटे गाडी चालवायची नसेल तर आदल्या रात्री कुंभारगावात घरगुती मुक्काम करा. साडेसहाला काठावर उभं राहा आणि होडीत बसण्याआधी वीस मिनिटं नुसतं काठावरून बघा. पाणकणसाच्या कडेने शंकर याच वेळी दिसतो. शेपटी वर उचलून चार पावलं धावतो, थबकतो, परत धावतो. उडाला तर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी तांबडा रंग चमकतो. गळ्यावरचा निळा रंग दिसला नाही तरी या शेपटीवरून काम होतं.

होडी ठरवताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. लाइफ जॅकेट सगळ्यांना हवं. सूर्य पाठीशी राहील अशी फेरी हवी. आणि थव्याच्या अलीकडे इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायची. नावाडी बहुतेक मासेमार कुटुंबांतले आहेत, पाणी आणि पक्षी त्यांना तळहातासारखे माहीत असतात. पण फोटोसाठी थवा उडवून दाखवला की गिऱ्हाईक खूष होतं, हेही त्यांनी अनुभवातून शिकलेलं आहे. ‘दादा, उडवू नका, लांबूनच चालेल’ हे वाक्य फेरीच्या सुरुवातीलाच म्हणून टाका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून पाच वेळा उठवलं तर त्याने दिवसभर खाल्लेलं त्यातच जातं. शिवाय उडालेला थवा वाचता येत नाही, म्हणजे नुकसान तुमचंही.

अंतर किती ठेवायचं हे मीटरमध्ये सांगणं अवघड. पक्षीच सांगतात. चरणाऱ्या थव्यातल्या एक-दोन माना वर आल्या तर ठीक. निम्म्या माना वर आल्या की थांबा. पक्षी तुमच्यापासून दूर चालू किंवा पोहू लागले की तुम्ही जास्त जवळ आला आहात, मागे या. पट्टकदंबांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. ते सकाळी शेतात चरून चिखलाच्या बेटावर येऊन बसतात, आणि पहाऱ्यावरचे हंस कायम मान ताठ ठेवून उभे असतात.

आता थवा चाळणं. हे तांदूळ निवडण्यासारखं आहे.

थव्याच्या डाव्या टोकापासून सुरू करा. दुर्बिणीत जेवढं दिसतं तेवढ्यातला प्रत्येक पक्षी मनात म्हणा: वारकरी, वारकरी, वारकरी, थापट्या मादी, वारकरी. मगच पुढच्या चौकटीकडे सरका, थोडा भाग दोन्हींत सामाईक ठेवून. उजवं टोक गाठलं की उलट या. दुसऱ्या खेपेत नावं घेऊ नका, फक्त ‘न जुळणारं’ बघा: कुणाची पाठ जास्त उंच, कुणाची चोच जास्त लांब, कोण बुड्या मारतोय आणि कोण फक्त शेपूट वर करतोय. बुड्या मारणारी आणि न मारणारी बदकं वेगळी काढली की यादी निम्मी होते. थव्याच्या कडा आणि पाठीमागची रांग दोनदा बघा. पाहुणा बहुधा मध्यभागी नसतो.

हंसांच्या थव्यात पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे प्रत्येकाला आहेत का, हे तपासा. एखाद्याला नसतील आणि चोच फिकट गुलाबी असेल तर तो कलहंस. मात्र पहिल्या वर्षाच्या पट्टकदंबालाही हे पट्टे नसतात. त्याची मानेची मागची बाजू गडद असते आणि कुटुंबासोबत असल्यामुळे तो पट्टेवाल्यांच्या शेजारीच सापडतो. आणखी एक करा: प्रत्येकाची मान आणि पाय बघा. मंगोलियात गळ्यात रंगीत पट्टा घातलेले पट्टकदंब भारतात दिसलेले आहेत. असा पट्टा दिसला तर रंग, अक्षर आणि आकडा जसाच्या तसा लिहा आणि फोटो घ्या. एका पट्ट्याची नोंद शंभर सुंदर फोटोंपेक्षा उपयोगी असते.

एक चिखल्या, जवळून

वेगळा पक्षी नेहमीच्यासारखाच दिसतो तेव्हा काय करायचं, याचं चिखल्या हे उत्तम उदाहरण आहे. काठावर धावणारा, गळ्यात काळी पट्टी असलेला, चिमणीहून किंचित मोठा पक्षी म्हणजे छोटी कंठेरी चिखल्या. इथे ती बाराही महिने असते. तिच्यासारखाच दिसणारा कॉमन रिंग्ड प्लोव्हर हिवाळ्यात क्वचित येतो. शंभर कंठेरी बघणारा माणूस यांतला एक ओळखतो, तो असा.

आधी डोळा. कंठेरीच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. उजेड बरा असेल तर ते ५० मीटरवरूनही कळतं. कडं नाही असं वाटलं तर लगेच उड्या मारू नका, हिवाळी पिसांत आणि वाईट उजेडात ते फिकट दिसतं. मग पाय: पाहुण्याचे ठळक नारिंगी. इथे चिखल घात करतो, कारण चिखलात उभ्या असलेल्या पक्ष्याचे पाय चिखलाच्याच रंगाचे दिसतात. तो पाण्यात शिरून बाहेर येईपर्यंत थांबा. शेवटी पंख, आणि ही खूण सर्वांत भरवशाची. उडताना पाहुण्याच्या पंखावर लांबलचक पांढरी रेघ उमटते, कंठेरीच्या पंखावर ती नसते. पक्ष्याला उडवायचं नाही. चिखल्या दर पाच-दहा मिनिटांनी स्वतःच जागा बदलतात, तेव्हा दुर्बीण तयार हवी.

तीन खुणा, तिन्ही जुळल्या तर पाहुणा. एकच जुळली तर ती कंठेरीच, असं धरून चाला. एका खुणेवर ओळख ठोकून देणं हे चुकीच्या नोंदींचं सर्वांत मोठं कारण आहे. हाच नियम पिवळ्या धोब्यांना लावा. सिट्रिन धोब्याच्या गालाभोवती फिकट चौकट पूर्ण फिरलेली असते आणि पंखावर दोन रुंद पांढऱ्या रेघा असतात. नुसतं ‘पिवळं डोकं’ एवढ्यावर काही ठरवू नये.

आकाराच्या अंदाजावर तर विश्वास ठेवूच नका. एकट्या पक्ष्याचा आकार दुर्बिणीतून कळत नाही. शेजारी माहितीचा पक्षी असेल तर तुलना लिहा: ‘शेकाट्याच्या निम्मा’, ‘साळुंकीएवढा’.

दहानंतर उजेड कडक होतो, पक्षी पाय पोटाशी घेऊन बसतात. तुम्हीही बसा. भिगवणला आलात तर चिलापी मासा खाऊन घ्या, नंतर झोप येते हा तेवढा एक दोष. एक ते तीन ही वेळ वही नीट करायची आणि झोपायची.

दुपारनंतर: माळ

भिगवणहून गाडीने तासाभराच्या टप्प्यात कडबनवाडीचं गवताळ रान आहे. बारामती तालुक्यात शिर्सुफळ आणि सुपे आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ साली जाहीर झालेलं. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. तिची नोंदणी ऑनलाइन करून, वेळ बघूनच निघा. गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच बसतात आणि मातीत मिसळून जातात. चाक वाटेबाहेर गेलं की काय चिरडलं हे कळतही नाही.

माळावर माहिती मिळते ती धनगरांकडून. पण मोबाइलवर चित्र दाखवून ‘हा दिसतो का?’ असं विचारू नका. पाहुण्याचं मन राखायला समोरचा ‘हो, लई’ म्हणतो. ‘मामा, या दिवसांत नवीन काय दिसतंय?’ असं विचारा आणि गप्प बसा. सांगितलेल्या वर्णनात उडण्याची तऱ्हा असली तर ते सोनं आहे. मेंढरांच्या कळपाजवळून चालणंही फायद्याचं: खुरांनी उठलेले टोळ टिपायला पक्षी तिथे जमतात.

माळाचा खरा पाहुणा म्हणजे हॅरियर, मराठीत भोवत्या. कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मुलखांतून येणारा हा शिकारी पक्षी गवतावरून गुडघा-कमरेच्या उंचीने, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, डुलत डुलत जातो. टोळ, उंदीर, चंडोल हे त्याचं खाणं. इथे मुख्यतः तीन प्रकार भेटतात. मार्श हॅरियर जड अंगाचा, गडद तपकिरी, मादीचं डोकं सायीच्या रंगाचं. तो जास्त करून पाण्याजवळ असतो, त्यामुळे सकाळीच दिसून गेलेला असेल. माळावर उरतात पॅलिड आणि मॉन्टेग्यू.

त्यांचे नर सोपे आहेत. पॅलिडचा नर पांढुरका राखी, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर, पोट कोरं. मॉन्टेग्यूचा नर जास्त गडद राखी, पंखावर आडवी काळी रेघ, पोटावर तांबूस रेषा. पण दिसणाऱ्यांतले बरेचसे माद्या आणि पिल्लं असतात: तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. इथे नव्वद टक्के चुका होतात असं म्हटलं तर कुणी जाणता माणूस भांडणार नाही. अशा पक्ष्याचा चेहरा बघा. पॅलिडच्या गालावरच्या गडद डागामागे फिकट कॉलर ठळक दिसते आणि तिच्या मागे मान परत गडद. मॉन्टेग्यूला ही कॉलर जवळजवळ नसते. उलट डोळ्याभोवतीचा पांढरा भाग मोठा असतो. चेहरा दिसला नाही तर प्रजाती ठरवायचीच नाही. एवढा निग्रह जमला की तुम्ही निम्मे पक्षीनिरीक्षक झालात.

भोवत्ये रात्री गवतात, जमिनीवर, एकत्र झोपतात. ही झोपायची जागा सापडली तर एका संध्याकाळी दिवसभरापेक्षा जास्त पक्षी दिसतात. रीत अशी:

पाच वाजता, सूर्यास्ताच्या तासभर आधी, गवताच्या पट्ट्यापासून किमान २०० मीटरवर, उंचवट्यावर पण आकाशरेषेच्या खाली बसा. चेहरा पूर्वेकडे, म्हणजे मावळतीचा उजेड पक्ष्यांवर पडेल. दोघंजण असाल तर दिशा वाटून घ्या. नाहीतर एकच पक्षी दोघं मोजतात. सूर्यास्ताच्या वीस-तीस मिनिटं आधीपासून ते एकेक करून येतात, घिरट्या घालतात, उतरतात, परत उठतात. उठणारे पुन्हा मोजू नका. दर पाच मिनिटांना आलेले आणि गेलेले वेगळे लिहा, शेवटी वजाबाकी करा. या वेळी आखूड कानाचं घुबडही गवतातून वर येण्याची शक्यता असते. पंखांची उघडझाप संथ, चेहरा गोल, भोवत्यासारखंच खालून उडणारं. अंधुक उजेडात या दोघांची गल्लत होते, तेव्हा मान बघा. घुबडाला ती जवळपास नसतेच.

गवतात शिरून ‘किती बसलेत बघू’ हा मोह टाळा. एकदा उठवलेली वसाहत दुसऱ्या संध्याकाळी तिथे येईलच असं नाही. शिवाय या गवतात घोणस आणि फुरसं असतं. परतताना टॉर्च जमिनीकडे, गाडीचे दिवे गवतावर नाहीत. आवाजाची क्लिप वाजवून पक्षी बोलावणं हे माळावर नाही, पाण्यावर नाही, कुठेच नाही.

त्याच रात्री: नोंद

नोंद दुसऱ्या दिवशी केली की स्मरणात पुस्तकातलं चित्र घुसतं. म्हणून त्याच रात्री. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ईबर्ड या संकेतस्थळावर एक ठिकाण, एक यादी असं ठेवा. सबंध दिवसाची एकच यादी केली तर भिगवणचा वारकरी कडबनवाडीच्या माळावर जाऊन बसतो. ओळखलेले सगळे पक्षी यादीत असतील तरच ‘संपूर्ण यादी’ म्हणा. नुसते भारी पक्षी निवडून टाकलेल्या यादीतून वारकरी वाढले की घटले हे कधीच कळणार नाही.

त्या भागात अनपेक्षित पक्षी टाकला की ईबर्ड तपशील मागतं आणि नंतर एखादा परीक्षक प्रश्न विचारू शकतो. यात अपमान काही नाही. ‘अगदी नक्की तोच होता’ हे लिहून काही साधत नाही. काय लिहायचं ते हे: अंतर, उजेड कुठून होता, किती वेळ दिसला, कोणत्या खुणा प्रत्यक्ष दिसल्या, कोणत्या दिसल्या नाहीत, आणि त्याच्यासारखा नेहमीचा पक्षी का नाही. चिखल्याचं उदाहरण घ्या: ‘४० मीटर, ऊन पाठीशी, सहा मिनिटं. उडताना पंखावर लांब पांढरी रेघ दोनदा दिसली. पाय नारिंगी, पाण्यातून बाहेर आल्यावर. डोळ्याभोवती पिवळं कडं नाही. शेजारी तीन कंठेरी होत्या, त्यांच्या पंखावर रेघ नव्हती.’ एवढं असेल तर फोटो अस्पष्ट असला तरी चालतो. फोटो काढताना सुंदर एकच काढण्यापेक्षा बाजूने, उडताना वरून आणि उडताना खालून असे तीन वाईट काढा.

घुबडाची बसायची जागा किंवा भोवत्यांची झोपायची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे पंधरा गाड्या उभ्या राहतात.

आणि संध्याकाळी ज्या तपकिरी भोवत्याचा चेहरा दिसलाच नाही, त्याच्यासाठी ईबर्डमध्ये ‘पॅलिड किंवा मॉन्टेग्यू’ असा पर्याय आहे. तो निवडा, संख्या लिहा, यादी बंद करा.